बुडत्याचा पाय खोलात : भूपट्टांना हलवणाऱ्या बलांची ओळख

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या आवारात एक जीपीएस केंद्र आहे. त्याच्या नोंदी जगभरचे संशोधक वापरतात. या नोंदींनुसार ते केंद्र वर्षाला सुमारे साडेतीन सेंटिमीटर उत्तरेकडे आणि चार सेंटिमीटर पूर्वेकडे सरकते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या केंद्राची गतीही जवळपास तेवढीच आहे. दोन्ही दिशांचा मेळ घातला तर ईशान्येकडे वर्षाला पाच सेंटिमीटरच्या थोडे वर. दोन केंद्रांमध्ये पाचशे किलोमीटरचे अंतर असूनही गती सारखीच, कारण दोन्ही एकाच अखंड पट्टावर उभी आहेत. त्याच पट्टावर सह्याद्री आहे, कोकण-गोवा आहे, विदर्भाच्या कोळशाच्या खाणी आहेत. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, त्यानंतर हा सगळा मुलूख तीन मीटरांहून अधिक सरकला आहे.

भूपट्ट सरकतात, एकमेकांवर आदळतात, त्यातून पर्वत उभे राहतात, भूकंप होतात, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्यांना सरकवते कोण, असे विचारले की एक ठरलेले उत्तर येते. पातेल्यात पाणी उकळावे तसे पृथ्वीचे प्रावरण खालून तापते, वर येते, आडवे वाहू लागते आणि वाहताना आपल्या पाठीवरचे भूपट्ट सोबत घेऊन जाते. बाणांची वर्तुळे काढलेली ही आकृती समजायला सोपी आणि परीक्षेत काढायला त्याहून सोपी. तिच्यात भूपट्टाला स्वतःचे असे काही कामच नाही. तो नेला जातो, म्हणून जातो.

गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनातून पुढे आलेले चित्र याच्या जवळपास उलटे आहे. समुद्राखालचा भूपट्ट कोट्यवधी वर्षे थंड होत राहतो. थंड होतो म्हणून जड होतो, जड होतो म्हणून एका टोकाला प्रावरणात बुडतो आणि बुडताना मागचा सगळा पसारा ओढून नेतो. चालवणारे बल मुख्यतः पट्टाच्या स्वतःच्या वजनाचे आहे. ही गोष्ट वाचकाला पटवून द्यावी आणि मग ती जिथे अपुरी पडते ती जागाही दाखवावी, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. ती जागा नेमकी भारतीय पट्ट आहे. जगातल्या बहुतेक पट्टांना लागू पडणारा हिशोब आपल्या पट्टाशी आला की अडखळतो, आणि त्या अडखळण्याचा एक धागा थेट सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापर्यंत येतो.

या प्रश्नाचा इतिहास एका पराभवाने सुरू होतो. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने जानेवारी 1912 मध्ये फ्रँकफर्टच्या सभेत खंडवहनाची कल्पना मांडली आणि 1915 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुरावे भक्कम होते. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे जुळत होते, दोन्हीकडचे खडक जुळत होते. ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकात सापडत होते, तसेच ते नागपूर-चंद्रपूरकडच्या गोंडवन खडकांतही सापडत होते. घोडे अडले ते बलापाशी. वेगेनर यांनी दोन बले सुचवली. एक पृथ्वीच्या फिरण्यामुळे खंडांना ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे लोटणारे, आणि दुसरे भरती-ओहोटी घडवणाऱ्या चंद्र-सूर्याच्या ओढीचे. केंब्रिजचे गणिती भूभौतिकतज्ज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी हिशोब मांडला, तेव्हा दोन्ही बले लागणाऱ्या बलापेक्षा लाखो पटींनी दुबळी निघाली. भरतीची ओढ खंड हलवण्याइतकी जबर असती, तर तिने पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे वर्षभराच्या आत थांबवले असते. जेफ्रीज यांचे गणित बिनचूक होते. कारण सापडत नाही म्हणजे घटनाही घडत नाही, हा त्यावरून निघालेला निष्कर्ष मात्र चुकीचा ठरला. वेगेनर 1930 मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेवर असताना वारले, तोवर त्यांच्या कल्पनेला बहुतेक भूशास्त्रज्ञांनी बाजूला सारले होते.

बलाचा शोध मग आर्थर होम्स यांनी हाती घेतला. किरणोत्सर्गावरून खडकांची वये काढणारा हा ब्रिटिश भूशास्त्रज्ञ. पृथ्वीच्या पोटात किरणोत्सर्गातून सतत उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर टाकायला प्रावरणाला संथपणे फिरत राहावे लागते, असे त्यांनी 1931 मध्ये ग्लासगोच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात छापलेल्या निबंधात मांडले. शाळेतल्या आकृतीचे मूळ इथे आहे. पण होम्स यांच्या लेखनात आणखी एक गोष्ट होती, जी आकृतीत उतरलीच नाही. खाली जाणाऱ्या प्रवाहाजवळ बेसॉल्टचे रूपांतर एक्लोगाइट नावाच्या जड खडकात होईल आणि तो खडक आपल्या वजनाने बुडेल, असे त्यांनी सुचवले होते. पुढच्या सगळ्या उत्तराचे बीज या सूचनेत होते.

घन खडक वाहतो कसा, ही शंका इथे येणारच. प्रावरण घन आहे यात वाद नाही. द्रवातून न जाणाऱ्या भूकंपलहरी त्यातून आरपार जातात. पण पुरेशा तापमानाला आणि पुरेसा काळ मिळाला तर घन खडकही सावकाश सरपटतो. याचा पुरावा उत्तर युरोपात उघड्यावर दिसतो. हिमयुगातला जाड बर्फ वितळून दहा-अकरा हजार वर्षे उलटली, तरी स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताचा किनारा अजून वर्षाला जवळपास एक सेंटिमीटर वर येतो आहे. बर्फाच्या भाराने बाजूला सरकलेले प्रावरण अजून परत येते आहे. या उंचावण्यावरूनच प्रावरणाचा चिकटपणा मोजता आला.

पुराव्याचा पुढचा मोठा तुकडा आपल्याच महासागरातून आला. अरबी समुद्राच्या दक्षिण भागात, भारत आणि आफ्रिका यांच्या मधोमध, कार्ल्सबर्ग नावाची पाण्याखालची पर्वतरांग आहे. भारतीय पट्टाची ही नैर्ऋत्य सीमा. 1962 मध्ये ब्रिटनच्या ओवेन या सर्वेक्षण जहाजाने तिच्यावर चुंबकीय मोजणी केली. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी ती मोजणी तपासून 1963 मध्ये 'नेचर'मध्ये लेख लिहिला. रांगेच्या दोन्ही बाजूंना खडकांचे चुंबकत्व पट्ट्यापट्ट्यांनी उलटसुलट होत गेलेले होते. तळ मधोमध नव्याने तयार होतो आहे आणि दोन्हीकडे सरकतो आहे, असा त्याचा अर्थ. 1967-68 पर्यंत डॅन मॅकेन्झी, जेसन मॉर्गन आणि झेव्हिए ल पिशाँ यांनी पृथ्वीच्या पृष्ठभागाची मोजक्या ताठ पट्टांमध्ये विभागणी करून प्रत्येकाची गती गणिताने बांधून दिली. कोण कुठे आणि किती वेगाने जातो हे कळले. का जातो, हे मागेच राहिले.

त्या 'का'ला पहिला ठोस हात घातला तो डोनाल्ड फोर्सिथ आणि सेइया उयेदा यांनी, 1975 मध्ये. त्यांची युक्ती साधी होती. खालचा प्रवाह पट्टांना वाहून नेत असेल, तर ज्याचा तळ मोठा तो पट्ट वेगाने जायला हवा. मध्य-महासागरी रांगा ढकलत असतील, तर ज्याच्या वाट्याला रांग जास्त तो वेगवान हवा. आणि बुडणारे टोक ओढत असेल, तर ज्याच्या परिघाचा मोठा हिस्सा सागरी गर्तांमध्ये खाली जातो त्याची गती जास्त हवी. त्यांनी बारा पट्टांची अशी तपासणी केली. क्षेत्रफळाचा गतीशी संबंध लागेना. पॅसिफिक पट्ट दहा कोटी चौरस किलोमीटरांहून मोठा आणि मध्य अमेरिकेजवळचा कोकोस पट्ट जेमतेम तीस लाखांचा, पण दोघेही वेगवान. रांगांच्या लांबीचाही फारसा संबंध दिसेना. गर्तांचा संबंध मात्र डोळ्यांत भरण्यासारखा होता. पॅसिफिक, कोकोस, नाझ्का यांच्यासारखे बुडते टोक असलेले पट्ट वर्षाला सहा ते नऊ सेंटिमीटर जातात; असे टोक नसलेले युरेशिया, आफ्रिका, अमेरिका हे चार सेंटिमीटरांच्या आत रेंगाळतात. खंडाचा मोठा भाग पाठीवर असला तर पट्ट आणखी सावकाश जातो, हेही त्यात दिसले.

बुडत्या टोकाची ओढ म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी पॅसिफिकच्या तळाचा एक तुकडा जन्मापासून शेवटपर्यंत पाहू. पाण्याखालच्या रांगेच्या माथ्यावर, सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर, तो तयार होतो. वर सहा-सात किलोमीटर जाडीचे बेसॉल्टी कवच आणि त्याखाली तप्त प्रावरण. समुद्राचे गार पाणी त्याला वरून थंड करू लागते आणि हा गारवा खाली झिरपत जातो. थंड झालेला भाग ताठ होतो. त्यालाच आपण शिलावरण म्हणतो. त्याची जाडी वयाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते: वय चौपट झाले की जाडी दुप्पट. आठ-दहा कोटी वर्षांत ती शंभर किलोमीटरच्या आसपास जाते. थंड खडक आकसतो, म्हणून तळही खाली बसत जातो आणि साडेपाच-सहा किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचतो. जन्मल्यावर काही कोटी वर्षांतच हे शिलावरण आपल्या खालच्या तप्त प्रावरणापेक्षा जड झालेले असते. तरी ते लगेच बुडत नाही, कारण ते ताठ आहे आणि वाकायला तयार नसते. एकदा कुठे वाकले आणि टोक खाली गेले, की मग थांबत नाही. पश्चिम पॅसिफिकमधली मेरियाना गर्ता, जिची खोली जवळपास 11 किलोमीटर आहे, ही अशा वाकण्याची जागा. तिथे जाणारा तळ पंधरा कोटी वर्षांहून जुना आहे.

खाली गेल्यावर त्याचे वजन वाढतच जाते. पन्नास-शंभर किलोमीटर खोलीवरच्या दाबाखाली बेसॉल्टचे एक्लोगाइट होते. तांबड्या गार्नेटचा आणि हिरव्या पायरोक्सीनचा हा देखणा खडक. बेसॉल्टची घनता पाण्याच्या तिप्पट, तर एक्लोगाइटची साडेतीनपट. आणखी खाली, 410 किलोमीटरच्या आसपास, प्रावरणातले ऑलिविन हे खनिज दाबाने अधिक आटोपशीर रचना घेते. थंड पट्टात हा बदल भोवतालच्या तप्त प्रावरणापेक्षा आधीच, म्हणजे कमी खोलीवर घडतो, त्यामुळे तेवढ्या टप्प्यात बुडता पट्ट आणखी जड पडतो. बुडत्याचा पाय खोलात ही म्हण पृथ्वीच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. पुढे 660 किलोमीटरवर मात्र उलटा प्रकार होतो. तिथला बदल थंड पट्टात उशिरा घडतो आणि बुडण्याला अडथळा करतो. काही पट्ट तिथे आडवे पसरतात, काही अडथळा ओलांडून 2,900 किलोमीटरवरच्या गाभ्याच्या दिशेने जात राहतात.

या ओढीचा आकार किती? गर्तेच्या दर मीटर लांबीला सुमारे 30 लाख कोटी न्यूटन. वजनाच्या भाषेत एका मीटरला 300 कोटी टन. हे सगळे वजन वरच्या पट्टापर्यंत पोहोचत नाही. बुडत्या टोकाला प्रावरणातून वाट काढावी लागते, पट्टाला वाकावे लागते, शेजारच्या पट्टाशी घासावे लागते, आणि त्यात बराचसा जोर खर्ची पडतो. 2004 चा सुमात्राचा आणि 2011 चा जपानचा भूकंप या घासण्यातूनच झाले. पण ओढ खरी आहे याचा पुरावाही भूकंपांनीच दिला आहे. 1933 मध्ये जपानच्या सानरिकू किनाऱ्यासमोर गर्तेच्या समुद्राकडच्या बाजूला झालेला मोठा भूकंप खडक चेपल्याने झालेला नव्हता. खाली वाकणारा पट्ट ताणला जाऊन तुटल्याचा तो भूकंप होता.

दुसरे बल रांगांकडून येते. त्याला 'रांगेचा रेटा' म्हणतात, पण त्यावरून मनात येणारे चित्र फसवे आहे. वर येणारा लाव्हा पाचरीसारखा शिरून पट्टांना दूर सारतो, असे काही होत नाही. पट्ट दूर गेले की मोकळ्या होणाऱ्या जागेत प्रावरण वर येते, दाब कमी झाल्याने वितळते आणि फट बुजवते. रेटा येतो तो उतारातून. रांगेचा माथा उंच, दूरचा तळ तीन-साडेतीन किलोमीटर खाली. या उतारावर गुरुत्वाकर्षण सबंध शिलावरणाला बाहेरच्या बाजूला ढकलते. त्याचा जोर दर मीटरला दोन-तीन लाख कोटी न्यूटन, म्हणजे बुडत्या टोकाच्या ओढीच्या सुमारे एकदशांश. तिसरे बल खालच्या प्रवाहाचे. ते कुठे मदत करते, कुठे अडवते. ज्या खंडांची मुळे खोल गेली आहेत त्यांना ते जास्त जाणवते. चौथे, बुडते पट्ट प्रावरणात जी ढवळाढवळ करतात तिच्यामुळे आजूबाजूचे पट्टही गर्तेकडे खेचले जातात. क्लिंट कॉनराड आणि कॅरोलिना लिथगो-बर्टेलोनी यांनी 2002 मध्ये दाखवले की वरच्या प्रावरणातल्या बुडत्या टोकांची सरळ ओढ आणि त्याहून खोल गेलेल्यांची ही अप्रत्यक्ष ओढ, दोन्ही धरली तरच आजच्या गतींचे नीट स्पष्टीकरण होते.

मग पातेल्याचे चित्र साफ खोटे का? तसेही नाही. पृथ्वीच्या आतून बाहेर पडणारी उष्णता सुमारे 47 लाख कोटी वॅट आहे. त्यातली निम्म्याच्या आसपास किरणोत्सर्गाची, उरलेली पृथ्वीच्या जन्मापासून शिल्लक राहिलेली. ही उष्णता बाहेर काढण्यासाठी प्रावरण खरोखरच फिरते. चित्राचे चुकते ते दोन ठिकाणी. एक, ते तप्त वर येणाऱ्या प्रवाहाला कर्ता मानते. खरा जोर आहे वरून थंड होऊन बुडणाऱ्या भागात, आणि तो भाग म्हणजेच भूपट्ट. प्रावरणाच्या अभिसरणाचा सगळ्यात वरचा, सगळ्यात थंड थर आपल्याला पट्ट म्हणून दिसतो. दोन, ते प्रत्येक रांगेखाली खोलवरून येणारा उभा प्रवाह दाखवते. आफ्रिकेचा नकाशा पाहिला की ही कल्पना टिकत नाही. आफ्रिकी पट्टाला बहुतेक सर्व बाजूंनी मध्य-महासागरी रांगांचा वेढा आहे आणि सगळीकडे त्याला नवा तळ जोडला जातो आहे. म्हणजे पट्ट वाढतो आहे, आणि त्याच्या रांगा एकमेकींपासून दूर जात आहेत. खोलवर रुतलेल्या प्रवाहांवर त्या बसलेल्या असत्या, तर त्यांना असे हलता आले नसते.

इथपर्यंतचा हिशोब जमला असे वाटते, आणि मग भारत समोर येतो. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटल्यावर भारतीय पट्ट उत्तरेकडे निघाला. पुढे टेथिस समुद्राचा जुना, थंड, जड तळ आशियाखाली बुडत होता, म्हणून तो वेगाने जाणार हे अपेक्षित होते. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला त्याचा वेग वर्षाला 15 ते 18 सेंटिमीटरपर्यंत गेला. आजच्या सगळ्यात वेगवान पट्टांच्या जवळपास दुप्पट. एवढा वेग एका बुडत्या टोकाच्या ओढीत बसवणे कठीण आहे.

यावर तीन उत्तरे आली आहेत. पहिले हैदराबादहून आले. 2007 मध्ये राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेचे प्रकाश कुमार आणि त्यांच्या भारतीय-जर्मन सहकाऱ्यांनी भूकंपलहरींवरून भारतीय शिलावरणाची जाडी मोजली आणि ती सुमारे शंभर किलोमीटर आहे असे म्हटले. गोंडवन या जुन्या महाखंडातून सुटलेल्या बाकीच्या खंडांची जाडी 180 ते 300 किलोमीटर. प्रावरणात खोल रुतलेले मूळच नाही, म्हणून भारत अडथळ्याविना धावला, असा त्यांचा युक्तिवाद. ही मोजणी सर्वांनी मानलेली नाही. दुसरे उत्तर स्टीव्हन कँडे आणि डेव्ह स्टेगमन यांचे, 2011 चे. भारत वेगाने धावू लागला त्याच काळात आफ्रिकेचा वेग मंदावला, आणि भारत मंदावल्यावर आफ्रिका पूर्वीच्या गतीवर आली, हे त्यांनी चुंबकीय पट्ट्यांवरून दाखवले. दोन्ही पट्टांना मधून लोटणारे काहीतरी असावे. ते होते रियुनियन बेटाचा प्लूम, म्हणजे खोल प्रावरणातून वर आलेला तप्त खडकाचा स्तंभ, असे त्यांचे म्हणणे. तिसरे उत्तर ऑलिव्हर जागुत्झ, ली रॉयडन आणि सहकाऱ्यांचे, 2015 चे: भारत आणि आशिया यांच्यामध्ये तळ एका ठिकाणी बुडत नव्हता, एकामागे एक अशा दोन गर्तांमध्ये बुडत होता, आणि दोन्हींची ओढ एकत्र झाली.

दुसऱ्या उत्तरातला प्लूम महाराष्ट्राला परका नाही. दख्खनचा लाव्हा त्याचाच. साडेसहा कोटींहून थोड्या अधिक वर्षांपूर्वी, मुख्यतः दहा लाख वर्षांच्या आत, तो थरावर थर पसरत गेला. आज उरलेला भागच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना कडेच्या कापात हे थर एकावर एक रचलेले दिसतात. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीची पट्टी आहे. एका लाव्ह्याच्या आणि दुसऱ्याच्या मधल्या काळात खालच्या थराच्या माथ्यावर झालेल्या झिजेची ती खूण. भूशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय लेखांमध्ये लाव्ह्याच्या या गटांची नावे जव्हार, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी छापली जातात. भारत पुढे गेला, प्लूम मागे राहिला आणि त्याची माग काढता येण्याजोगी रेषा उमटत गेली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस आणि आजही ज्वालामुखी जागा असलेले रियुनियन. प्लूमने दख्खन घडवले याला आता फारसा कोणाचा आक्षेप नाही. त्याने सबंध पट्टाला लोटलेही का, हा वाद अजून मिटलेला नाही.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला आणि त्याचा वेग झपाट्याने उतरला. पण थांबला नाही, आणि दुसरा पेच इथे आहे. हिमालयाखाली आता समुद्रतळ उरलेला नाही. बुडालेला टेथिस तुटून वेगळा झाला. रॉब व्हान डर वू, विम स्पाकमन आणि हारमेन बिवार्ड यांनी 1999 मध्ये भूकंपलहरींच्या आधारे खोल प्रावरणाचा छेद मांडला, तेव्हा त्या बुडालेल्या पट्टांचे थंड तुकडे त्यांना सापडले ते खुद्द भारताखाली, हजार किलोमीटरहून खोल. भारत त्यांच्यावरून पुढे निघून आला आहे. ज्याने ओढायचे तो सुटून पडला. समोर पाच किलोमीटर उंचीचे तिबेटचे पठार आपल्या वजनाने उलटा रेटा देते आहे. तरीही भारत आशियात वर्षाला सुमारे चार सेंटिमीटर घुसतोच आहे. त्यातले जवळपास दोन सेंटिमीटर एकटा हिमालय पचवतो आणि त्याची किंमत 25 एप्रिल 2015 च्या नेपाळच्या भूकंपासारख्या तडाख्यांनी चुकती होते. उरलेले बल कुठून येते? कार्ल्सबर्ग आणि मध्य हिंदी महासागरी रांगांचा रेटा आहे. पूर्वेकडे सुंदा गर्तेत बुडणाऱ्या तळाची ओढ आहे. थोर्स्टन बेकर आणि क्लाउडिओ फाचेना यांच्या मते खालच्या प्रावरणाचा प्रवाहही इथे हात लावतो. म्हणजे बाजूला सारलेला खालचा प्रवाह भारताच्या हिशोबात मागच्या दाराने परत येतो.

या रस्सीखेचीत पट्ट स्वतःही शाबूत राहिलेला नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रतळाला सुमारे दोनशे किलोमीटरच्या अंतराने घड्या पडल्या आहेत. भारत आणि ऑस्ट्रेलिया एकेकाळी एकच पट्ट मानले जात; आता ते एकमेकांपासून वेगळे होऊ लागले आहेत. 11 एप्रिल 2012 रोजी सुमात्राच्या पश्चिमेला गर्तेपासून दूर, पट्टाच्या आतच 8.6 तीव्रतेचा भूकंप झाला, तो या तुटण्याचाच भाग. दख्खनही त्यातून सुटलेले नाही. दक्षिणेकडून रांगांचा रेटा आणि उत्तरेकडून हिमालय-तिबेटचा अडसर यांच्यामध्ये सबंध द्वीपकल्प चेपले जाते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत जुना, दडलेला प्रस्तरभंग हलला, एका बाजूचा खडक दुसऱ्यावर चढला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंप अगदी उथळ होता आणि त्याची खूण जमिनीवर उंचवट्याच्या रूपाने उमटली. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाला धरणाच्या पाण्याने चालना दिली, पण खडकात साठलेला ताण पट्टाचाच होता. म्हणूनच कोयनेच्या परिसरात गोठणे गावी तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र घेण्यात आले. 2017 मध्ये पूर्ण झालेल्या या छिद्रात सव्वा किलोमीटर बेसॉल्टनंतर थेट जुना ग्रॅनाइटी खडक लागला, आणि ताण साठतो तो याच खडकात.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिली तीन प्रकरणे इतिहासाची: वेगेनर ते 1968. चौथ्यात प्रावरण घन असून वाहते कसे ते सांगितले आहे. पाचवे प्रकरण बुडत्या टोकाचे, सहावे बाकीच्या बलांचे आणि त्यांना अडवणाऱ्या बलांचे. सातव्यात भारतीय पट्टाचा प्रवास आणि त्यावरची परस्परविरोधी उत्तरे आहेत. आठव्यात पट्टाच्या आतले भूकंप, किल्लारी आणि कोयनेसह. गणित दोन समीकरणांपुरतेच ठेवले आहे आणि तेही शब्दांत उलगडले आहे. शालेय पुस्तकांत रुळलेले प्रावरण, शिलावरण, गर्ता हे शब्द तसेच ठेवले. प्लूम, बेसॉल्ट, एक्लोगाइट यांना मराठी पर्याय घडवत बसलो नाही. शुक्रावर पट्ट का नाहीत आणि पृथ्वीवर ही हालचाल नेमकी कधी सुरू झाली, हे दोन प्रश्न जाणूनबुजून बाहेर ठेवले आहेत. दोन्ही मोठे आहेत, आणि दोन्हींवर संशोधकांचे एकमत नाही.

ज्यांना इतिहासाची गोडी नाही त्यांनी पहिली तीन प्रकरणे खुशाल मागे टाकावीत; पुढचे काही अडणार नाही. पाचवे मात्र वगळू नये, कारण बाकीचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. सातवे वाचताना तिथली उत्तरे तात्पुरती आहेत हे ध्यानात ठेवावे. हिंदी महासागराच्या तळाची मोजणी आणि भारताखालच्या प्रावरणाचे छेद अजून चालू आहेत, आणि त्यातून आजची एखादी बाजू पडू शकते. तसे झाले तर पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण नव्याने लिहावे लागेल.